विहिरीचं पाणी आणि रात्रीची लाईट: आंतरविद्याशाखीय शिक्षण म्हणजे नेमकं काय?

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या कॉलेजातली भूगोलाची आणि अर्थशास्त्राची मुलं मिळून एका गावाच्या पाण्याचा अभ्यास करत होती. गावाबाहेरच्या एका सामाईक विहिरीची पातळी दर शनिवारी सकाळी आठला मोजायची, असं ठरलं होतं. भूगोलाच्या मुलांनी टेपला दगड बांधला, कठड्यावर खडूने खूण केली आणि पहिली नोंद घेतली. दुसऱ्या शनिवारी गेले तर पाणी जवळजवळ पाच फूट वर. मधल्या आठवड्यात पावसाचा टिपूस नव्हता, कालव्याचं आवर्तनही नव्हतं. तिसऱ्या शनिवारी पाणी पुन्हा खाली. टेप धरण्यात आपलंच काहीतरी चुकतंय, असं मुलांना वाटलं आणि त्यांनी वहीत पेन्सिलने लिहून टाकलं, ‘मोजमापात त्रुटी’.

त्याच वेळी अर्थशास्त्राच्या गटातली एक मुलगी घरोघरी फिरून मोटार किती हॉर्सपॉवरची, बिल किती, रोज किती तास चालते, हे लिहून घेत होती. तिच्या वहीत पानोपानी एक वाक्य होतं, ‘एक आठवडा लाईट दिवसाची, एक आठवडा रात्रीची.’ शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते, हे तिच्या दृष्टीने गावातलं प्रत्येक जण सांगतं असं एक गाऱ्हाणं होतं. तिने ते लिहून घेतलं आणि पुढे गेली.

या दोन वह्या एका टेबलावर आल्या तेव्हा कोडं सुटलं. रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात लोक रात्रभर मोटार चालवतात, म्हणून सकाळी आठला विहीर उपसलेली दिसते. दिवसाची लाईट असते तेव्हा रात्रभर झरे पाझरतात आणि सकाळी पाणी वर आलेलं असतं. टेप पहिल्यापासून बरोबर होता. भूगोलाच्या वहीत ते उत्तर नव्हतं, अर्थशास्त्राच्या वहीतही नव्हतं. एकीतला आकडा आणि दुसरीतलं गाऱ्हाणं शेजारी ठेवल्यावरच ते दिसलं.

मी अर्थशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे ‘बहुविद्याशाखीय’ आणि ‘आंतरविद्याशाखीय’ हे दोन शब्द आता प्रत्येक परिपत्रकात दिसतात. पालक विचारतात, मुलं विचारतात, स्टाफरूममध्येही पुष्कळांच्या मनात गोंधळ आहे. तो थोडा कमी व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

चाक आणि धाव

बैलगाडीचं लाकडी चाक आठवा. तुंबा, आरे आणि बाहेरची गोल कड सुतार करतो. तिच्यावर चढणारी लोखंडी धाव लोहार करतो. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद तापवली की फुगते, मग ती चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच वर पाणी ओतायचं. लोखंड आक्रसतं आणि चाकाचे सगळे सांधे आवळले जातात.

आता ‘किंचित लहान’ म्हणजे किती? हे सुतार एकटा ठरवू शकत नाही आणि लोहारही नाही. लाकूड किती दाब सोसेल ते एकाला माहीत, लोखंड किती आक्रसेल ते दुसऱ्याला. म्हणून धाव चढवताना दोघंही तिथे लागतात, आणि त्याआधी दोघांनी मिळून माप घ्यावं लागतं.

सुताराचं आणि लोहाराचं दुकान एकाच आळीत असणं, हे बहुविद्याशाखीय. विद्यार्थी सकाळी एका दुकानात जातो, दुपारी दुसऱ्या. दोन्हीकडे शिकतो, पण त्या दोघांची एकमेकांशी गाठ पडत नाही. दोघांनी एक माप ठरवून एक चाक बनवणं, हे आंतरविद्याशाखीय. ज्याला गाडी हाकायची आहे त्यालाही बोलावून ‘तुझी वाट खडकाळ आहे की काळ्या मातीची?’ असं विचारलं, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या माणसाचं ज्ञानही कामात घेतलं, तर त्याच्या पुढची पायरी. तिला अभ्यासक परविद्याशाखीय म्हणतात. हा फरक विद्यापीठांच्या पातळीवर नीट मांडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९७० साली फ्रान्समधल्या नीस शहरात झालेल्या ओईसीडीच्या (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या) परिसंवादात झाला. मुलांच्या बुद्धीच्या वाढीचा अभ्यास करणारे ज्याँ पियाजेही त्यात सहभागी होते. म्हणजे विषय नवा नाही, पन्नास वर्षांहून जुना आहे.

इनामगावची शाळा

आंतरविद्याशाखीय काम म्हटलं की परदेशी विद्यापीठांची नावं घेतली जातात. मला मात्र पुण्यापासून काही तासांवरचं एक गाव आधी आठवतं. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठावर, इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती.

जुन्या पद्धतीचं पुरातत्त्व असतं तर खापरं मोजली असती, त्यांच्यावरची नक्षी रेखाटली असती आणि ‘जोर्वे संस्कृती’ असं नाव देऊन काम संपलं असतं. इनामगावात तसं केलं नाही. जळलेल्या धान्याचे दाणे वनस्पतींच्या अभ्यासकाकडे गेले आणि तिथले लोक प्रामुख्याने बार्ली पिकवत होते, हे कळलं. हाडं प्राण्यांच्या अभ्यासकाकडे गेली आणि गाई, शेळ्यामेंढ्या, हरणं यांचं प्रमाण कसं बदलत गेलं ते कळलं. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेल्या लहान मुलांचे सांगाडे सापडले. ते मानवशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासले. दातांची झीज, दातांची कीड, हाडांची वाढ यांवरून त्या पोटांना काय आणि किती मिळत होतं, याचा अंदाज येतो.

खरी गंमत वस्तीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. साधारण इ.स.पू. १००० नंतर मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. घरांच्या अभ्यासकाने एवढंच पाहिलं असतं तर तो म्हणाला असता, घरबांधणीची पद्धत बदलली. पण त्याच थरात शेती मागे पडल्याच्या आणि पशुपालन व शिकार वाढल्याच्या खुणा दिसत होत्या. घर, धान्य आणि हाड एकत्र ठेवल्यावर गोष्ट वेगळी झाली: लोकांचं पोट भरण्याचं साधनच बदललं होतं. पाऊस कमी झाला म्हणून असं घडलं, अशी मांडणी उत्खनन करणाऱ्यांनी केली. पुढे इतर संशोधकांनी सांगाडे नव्याने तपासून त्या मांडणीवर आक्षेपही घेतले. मला ही त्या कामाची ताकद वाटते. सगळ्या शाखांचा पुरावा एका जागी, नीट नोंदवून ठेवलेला होता, म्हणून तर पुढच्या पिढीला त्याच्याशी भांडता आलं.

हे एका रात्रीत उगवलं नाही. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं, तेव्हा सांकळिया आणि इरावती कर्वे दोघंही तिथे आले. एक पुरातत्त्वाचे, दुसऱ्या मानवशास्त्राच्या. १९४० च्या दशकात गुजरातेतल्या लांघणजला अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले, तेव्हा दोघांनी मिळून काम केलं. एका आवारात, रोज एकमेकांच्या नजरेसमोर वावरणारी माणसं होती ती. इनामगावच्या मागे ही तीसेक वर्षांची ओळखपाळख आहे, आणि आजच्या धोरणाच्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट सुटते, असं मला वाटतं.

एक ना धड?

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही: ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असं होणार नाही का? थोडा भूगोल, थोडं संगीत, थोडं डेटा सायन्स, आणि कशातच खोली नाही.

होऊ शकतं. म्हणूनच दामोदर धर्मानंद कोसंबींकडे पाहावं. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस मुळात गणिती. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचा, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेला. त्यांना प्राचीन नाण्यांचा प्रश्न पडला. हातोहात फिरणारं नाणं झिजतं आणि हलकं होतं. मग वजनातल्या घटीवरून ते किती काळ चलनात होतं हे सांगता येईल का? हे तपासायला त्यांनी आधी आपल्याच काळातली, रोजच्या वापरातली नाणी तोलली, झीज कशी होते याचं गणित बसवलं आणि मग तक्षशिलेच्या नाण्यांकडे वळले. संस्कृतचा एवढा अभ्यास केला की भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९४४ मध्ये जनुकांमधलं अंतर मोजण्याचं जे सूत्र त्यांनी दिलं, ते आजही त्यांच्या नावाने आनुवंशशास्त्रात वापरलं जातं.

कोसंबींचं सगळं काम मान्य करा असं मी म्हणत नाही; इतिहासकारांनी त्यांच्याशी वाद घातलेलेच आहेत. पण पाहण्यासारखी गोष्ट ही की त्यांच्याकडे एक विषय पक्का होता. ते नाण्यांकडे गणित घेऊन गेले, रिकाम्या हातांनी गेले नाहीत. सुताराला सुतारकाम यायलाच हवं. म्हणून माझं स्पष्ट मत असं की अशा सामाईक कामात मुलाने पहिल्या दिवसापासून उतरू नये. आपल्या विषयाचं निदान एक वर्ष हातात असावं. आपल्या विषयाची पद्धत काय दाखवते आणि कुठे थांबते, हे थोडं तरी कळल्याशिवाय दुसऱ्याकडे काय मागायचं तेच कळत नाही.

कागदावर काय आहे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीचा श्रेयांक (म्हणजे क्रेडिट) आराखडा ठरवला. मुलाला एक मेजर विषय, एक मायनर, आणि शिवाय ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आमच्या भाषेत ‘ओई’. ही ओई आपल्या विद्याशाखेबाहेरची घ्यायची, असा नियम. कॉमर्सचा मुलगा मानसशास्त्र घेईल, बीएस्सीची मुलगी लोककला घेईल. एका क्रेडिटला थिअरीचे १५ तास, त्यामुळे दोन क्रेडिटच्या ओईला ३० तास मिळतात.

नियम चांगला आहे. दारं उघडली. पण हे एका आळीतल्या दोन दुकानांचं चित्र झालं. बीएस्सीच्या मुलीला लोककलेच्या वर्गात तिच्या रसायनशास्त्राची आठवण कुणी करून देत नाही आणि रसायनशास्त्राच्या वर्गात लोककलेची. कापडाचे जुने रंग कशाने टिकत, कशाने उडत, हा प्रश्न दोन्ही वर्गांच्या मधोमध पडलेला असतो. तो उचलायचा कुणी?

तो उचलायला दोन शिक्षक एकाच वेळी, एकाच वर्गात लागतात. आणि घोडं अडतं ते इथे.

अडचण टाइमटेबलची आहे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन धरलं आहे. भूगोलाचे सर आणि मी एका वर्गात एकत्र उभे राहिलो, तर तो तास कुणाच्या वर्कलोडमध्ये धरायचा? बऱ्याच ठिकाणी उत्तर असतं, एकाच्या, किंवा दोघांच्या अर्धा-अर्धा. वर्कलोडवर विभागातल्या जागा टिकतात, त्यामुळे कोणताही विभागप्रमुख आपले तास सोडायला तयार होत नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही. तास गेले की उद्या माणूस जातो, ही भीती खरी आहे.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांना पैसे मिळतात घेतलेल्या तासाचे. दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाबरोबर बसून ‘हे मुलांना कसं द्यायचं’ ठरवण्याचे तास कुठल्याच बिलात बसत नाहीत. आणि अशा शिक्षणातला सगळ्यात महाग भाग नेमका तोच आहे. आमच्या त्या पाण्याच्या अभ्यासाआधी भूगोलाचे सर आणि मी पाच वेळा भेटलो, कॉलेज सुटल्यावर. पहिल्या भेटीत अर्धा तास फक्त ‘टंचाई’ या शब्दावर गेला. माझ्या विषयात गरजेच्या मानाने साधन कमी असणं म्हणजे टंचाई. ती सगळीकडे आणि कायम असते. त्यांच्या विषयात ती पावसाशी, खडकाशी, महिन्याशी बांधलेली. तहसील कचेरीत तिसराच अर्थ: टंचाई जाहीर झाली तर टँकर येणार. मुलांना हे तिन्ही अर्थ आधीच सांगितले नसते, तर ती गावात तीन वेगवेगळे प्रश्न विचारून आली असती आणि उत्तरं एकाच रकान्यात भरली असती.

त्या चर्चेत मीही शिकले. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा, काळ्या कातळाचा आहे. या खडकात पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. सच्छिद्र गाळाच्या जमिनीसारखा मोठा साठा इथे होत नाही. मी इतकी वर्षं ‘भूजल’ हा शब्द वर्गात वापरत होते आणि डोळ्यांसमोर माझ्या एक मोठा हौद असायचा. हौद समजून लिहिलेलं अर्थशास्त्र आणि भेगा समजून लिहिलेलं अर्थशास्त्र यांत फरक पडतोच.

मग अडचणी येतात परीक्षेच्या. पेपर कुणी काढायचा, तपासायचा कुणी, अभ्यासमंडळ कुठलं? पीएचडीला गाईड एका विषयाचा, प्राध्यापक होण्यासाठीची नेट-सेट परीक्षा एका विषयाची, नेमणुकीच्या जाहिरातीत ‘संबंधित विषय’. दोन विषयांच्या मध्ये काम करणारा तरुण संशोधक मुलाखतीला गेला की दोन्ही टेबलांवर परका ठरतो. विद्यापीठांना खरोखर हे शिक्षण हवं असेल तर आधी या जाहिरातीतलं वाक्य बदलावं लागेल. चकचकीत केंद्राची पाटी नंतर लावता येईल.

जमतं तिथे काय केलेलं असतं

आयआयटी मुंबईत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, ‘सितारा’ या नावाने ओळखलं जाणारं. तिथे एम.टेक. करणाऱ्या मुलांना गावात राहून काम करावं लागतं. अभियांत्रिकी शिकून आलेली ती मुलं ग्रामपंचायतीचं दप्तर वाचायला शिकतात, पाणीपुरवठा योजना का बंद पडली हे पाइपच्या व्यासाबरोबरच पाणीपट्टीच्या वसुलीतूनही शोधायला शिकतात. शासनाच्या ‘पोकरा’, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याच्या पद्धतीवर तिथल्या गटाने काम केलं. पाऊस, माती आणि पीक एका हिशेबात आणणं, हे त्या कामाचं सार.

एवढं मोठं केंद्र प्रत्येक कॉलेजला शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. प्रश्न लहान आणि जवळचा घ्यावा. ‘महाराष्ट्रातील जलसमस्या’ घेतली तर मुलं इंटरनेटवरून उतरवतील. ‘या विहिरीला मार्चमध्ये पाणी का नसतं’ घेतलं तर जावंच लागतं. दोन्ही शिक्षक प्रत्येक तासाला नसले तरी चालेल, पण पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या तासाला दोघांनीही हजर राहावं आणि मुलांसमोर एकमेकांशी असहमत व्हावं. शिक्षक एकमेकांना ‘मला हे माहीत नाही, तुम्ही सांगा’ म्हणतात, हे मुलांनी आयुष्यात फार वेळा पाहिलेलं नसतं. गट मिश्र करावेत. आणि अहवाल एकच असावा, दोन भाग शिवून जोडलेला नको.

गुण देताना आम्ही तोंडीत एक प्रश्न ठेवला आणि तो उलटा विचारला. भूगोलाच्या मुलाला मी विचारायचे, अर्थशास्त्राच्या मुलीला सर. प्रश्न असा: ‘तुझ्या विषयाने एकट्याने पाहिलं असतं तर यातलं काय दिसलं नसतं?’ जो मुलगा फक्त आपल्या भागाचं पाठ करून आला तो इथे थांबतो. जिला दुसऱ्याचं काम खरंच कळलंय ती बोलत सुटते. एका वाक्याच्या या प्रश्नाने आम्हाला लेखी पेपरपेक्षा जास्त सांगितलं.

वर्कलोडचा तिढा आमच्याकडे अर्धाच सुटला. प्राचार्यांनी एका सेमिस्टरपुरता, बुधवारचा शेवटचा तास दोघांच्याही टाइमटेबलमध्ये एकाच वेळी रिकामा ठेवला. नियम बदलला नाही, जादा पैसा लागला नाही. फक्त दोन माणसांना एकत्र बसायला पन्नास मिनिटं मिळाली. पुढच्या वर्षी तो तास गेला, कारण विभागात एक जागा रिकामी झाली आणि ती भरली गेली नाही. आता पुन्हा मागितला आहे.

विहिरीचं मोजमाप मात्र चालू आहे. पहिल्या तुकडीच्या वहीत तीन रकाने होते: तारीख, वेळ, पातळी. यंदाच्या मुलांनी पट्टीने रेघ मारून चौथा रकाना आखला आहे, ‘लाईट: दिवसा की रात्री?’ जुन्या पानावरची ‘मोजमापात त्रुटी’ ही पेन्सिलीतली ओळ त्यांनी खोडलेली नाही. तिच्यापुढे बाण काढून लिहिलंय, ‘पान १४ पहा’.